चौथ्या-पाचव्या खुर्चीचा ताप

१

दिवाळीनंतरच्या एका शुक्रवारी दुपारच्या पाळीत चौथ्या खुर्चीला थंडी वाजून आली. दोन ब्लँकेटं घातली तरी खुर्ची थरथरत होती. ती निवते न निवते तोच पाचव्या खुर्चीचे दात वाजू लागले.

डायलिसिस केंद्रात माणसाला खुर्चीच्या नंबरावरून ओळखतात. मूत्रपिंडं गेली की थोड्या दिवसांनी नावही जातं. त्याबद्दल कुणी तक्रार करत नाही. चौथी खुर्ची म्हणजे नारायणराव पागे, प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, विधुर, राहणार समा. पाचवी म्हणजे मोहनाबाई दिघे, जन्मभर शाळेत भूगोल शिकवून निवृत्त, लग्न न केलेल्या, राहणार फतेगंज. दोघांच्याही छातीतून एकेक नळी बाहेर आलेली होती. आतून ती मानेतल्या मोठ्या शिरेत जाते. रक्त तिच्यातूनच यंत्रात जातं आणि धुऊन परत येतं. रक्त असं आठवड्यातून तीनदा धुतलं जातं, बाकीचा माणूस मात्र ओल्या पंचाने पुसायचा. नळीच्या तोंडाला पाणी लागू द्यायचं नाही, हा पहिला नियम.

दोघांचं रक्त तपासायला गेलं. प्रयोगशाळेतल्या यंत्राने जंतूचं पहिल्यांदा एक नाव सांगितलं, दुसऱ्यांदा दुसरं आणि तिसऱ्यांदा ‘त्वचेवरची घाण असावी, दुर्लक्ष करावे’ असा शेरा मारला. ताप मात्र दुर्लक्ष करू देईना. तेव्हा केंद्राच्या जंतुरोगतज्ज्ञ डॉ. चारुलता फणसे यांनी नमुने अहमदाबादला सिक्वेन्सिंगसाठी पाठवले. तिथे जंतूला नाव विचारत नाहीत. त्याची अख्खी जनुकं अक्षर न् अक्षर वाचून काढतात, मग खोटं नाव सांगायची सोयच राहत नाही.

उत्तर आलं. जंतू क्षयाच्या जंतूचा लांबचा भाऊ निघाला, पाण्यात राहणारा, नळातून आणि टाक्यांतून संसार मांडणारा. माणसाच्या रक्तात तो फार क्वचित सापडतो. आणि खाली एक ओळ होती, ती चारुलताबाईंनी चष्मा पुसून पुन्हा वाचली. दोन्ही रुग्णांचे जंतू इतके सारखे होते, की ते एकाच पाण्यातून आले असणार, दुसरी शक्यताच नव्हती.

“म्हणजे चोर घरातलाच,” केंद्राचा व्यवस्थापक अनिश म्हणाला. अनिश एम.बी.ए. होता आणि कुठल्याही प्रश्नाचं उत्तर तो एका स्लाइडमध्ये बसवू शकायचा. “दोघांच्या नळ्यांना हात लावणारी व्यक्ती एकच, मॅडम. सिस्टर यशश्री. सोमवारी ट्रस्टींची मीटिंग आहे. तिला मी सांगून टाकलंय, दुसरीकडे बघायला लाग.”

२

यशश्री पट्ट्यांच्या ट्रॉलीशी उभी होती. रडून झालं होतं; आता ती कात्र्या लावत होती. नवऱ्याचं गोरव्यातलं वर्कशॉप बंद पडल्यापासून घर तिच्याच पगारावर चाललं होतं. ते तिने सांगितलं नाही. सगळ्यांना ठाऊक होतं.

“या पाळीत नळीवाले किती?” चारुलताबाईंनी विचारलं.

“सात, मॅडम. बाकीच्यांच्या हातात फिस्टुला आहे, शीर जोडून फुगवलेली, तिथेच सुया टोचते.”

“सातही जणांचं ड्रेसिंग तूच करतेस? याच ट्रॉलीवरून, याच बाटलीतल्या औषधाने?”

“हा ने. मीच.”

“मग तुझे हात या दोघांपुरतेच घाणेरडे कसे झाले?”

यशश्रीने मान वर केली. आठ दिवसांत तिच्या बाजूचं वाक्य ती पहिल्यांदाच ऐकत होती.

तेवढ्यात पाण्याच्या शुद्धीकरणाच्या खोलीतून पिलाजीराव आले. पाणी म्हटलं की संशय त्यांच्या यंत्रावर जातो, हे त्यांना कळलं होतं. त्यांनी नळाखाली पेला धरला, हॉलच्या मधोमध उभे राहिले आणि “हे बघा माझं पाणी!” म्हणून घटाघटा पिऊन टाकलं. सिद्ध काहीच झालं नाही. पण दहा खुर्च्यांवरच्या दहा माणसांनी, ज्यांना दिवसाकाठी मोजकं पाणी मिळतं, पिलाजीरावांच्या गळ्याची वर-खाली होणारी घाटी शेवटच्या घोटापर्यंत पाहिली. हॉलमध्ये कुणी बोललं नाही. पिलाजीराव ओशाळून परत गेले. त्यांच्या पाण्याचे नमुने अहमदाबादहून आधीच स्वच्छ ठरून आले होते, हे चारुलताबाईंनी त्यांना नंतर सांगितलं.

“सिस्टर, दिवाळीनंतर या दोघांच्या बाबतीत काही वेगळं दिसलं होतं?”

यशश्रीने आठवून पाहिलं. “पट्टी. मी पट्टी सरळ चिकटवते. दिवाळीनंतरच्या पाळीला दोघांच्याही पट्टीचं टोक जरासं दुमडलेलं होतं, सोडवताना नखात धरता यावं असं. काकांची पट्टी अगदी नीट, कडा सरळ. बाईंची मात्र वेडीवाकडी. मी विचारलं, घरी उघडलंत का? दोघंही नाही म्हणाले.”

“एकदम?”

“एकदम. जसं काही ठरवूनच आले होते.”

३

चारुलताबाईंनी चौथ्या आणि पाचव्या खुर्चीच्या मधे स्टूल ओढलं.

“कसं आहे, नारायणराव?”

“मजेत. ताप गेला. आता नळी बदलणार म्हणतात. हातातला फिस्टुला तयार होत आलाय, तेव्हा माझी कदाचित नळीतून सुटकाच.” त्यांनी शेजारच्या खुर्चीकडे पाहिलं आणि आवाज उतरवला. “बाईंचा फिस्टुला पहिल्यांदा फसला. शिरा बारीक.”

“माझ्या शिरांची जाहिरात नको, पागे,” मोहनाबाई डोळे मिटूनच म्हणाल्या.

“घरी पट्टी उघडली होतीत?”

“छे!” दोघं म्हणाले. खरोखरच एकदम.

चारुलताबाईंनी विषय बदलला. रुग्ण खोटं बोलतो तेव्हा त्याला आजाराबद्दल विचारू नये, इच्छेबद्दल विचारावं, असा त्यांचा अनुभव होता. त्यांनी सगळ्या पाळीला मोठ्याने विचारलं, “काय मंडळी, सगळ्यात जास्त कशाची आठवण येते?”

उत्तरं भराभर आली. उसाचा रस. माठातलं पाणी. एक अख्खा आंबा, फोड नाही, अख्खा. शहाळं. पावभाजी, पण तीसुद्धा पाण्यासाठीच, वर दोन ग्लास ढोसता यावं म्हणून. सगळी पाळी पिण्याच्या गोष्टी बोलत होती.

“आणि तुम्हाला, मोहनाताई?”

“मला तहान फारशी लागत नाही,” मोहनाबाई म्हणाल्या. “मला दीड वर्षात डोक्यावरून आंघोळ नाही. केस धुवायचे ते खुर्चीत मान मागे टाकून, कामवालीच्या हातून, मोटारीचं बॉनेट धुतात तसे. कानामागून, मानेवरून, पाठीवरून गरम पाणी खाली जातं ना...” त्या थांबल्या. “जाऊ दे. भूगोलात पाण्याला उतार लागतो, एवढंच शिकवायचे मी.”

नारायणराव छताकडे बघत होते.

“दिवाळी कशी गेली, नारायणराव? चतुर्दशीला पहाटे कुठे होता?”

“मी? दिवाळी पहाटेच्या गाण्याला. मैदानावर. सुरेख झालं. त्या बाईंनी भैरव काय गायला!”

चारुलताबाई उठल्या. चतुर्दशीला पहाटे त्याही त्याच मैदानावर होत्या, शाल गुंडाळून, तिसऱ्या रांगेत. गायिकेचा घसा बसला होता. आयोजकांनी माफी मागितली, लोकांनी चकल्या खाल्ल्या आणि सगळे घरी गेले. भैरव कुणीच गायला नव्हता.

४

समाच्या सोसायटीत नारायणरावांची सून मैथिली हिने दार उघडलं आणि आधी चहा टाकला, मग काम विचारलं.

“नळाचं पाणी? न्या की. गीझर हा असा, छोटा. बाबांना मी पंचा भिजवून देते, ते स्वतःच अंग पुसतात. पाठ राहते. हे रिफायनरीत, शिफ्ट ड्यूटी. आणि मी कशी सासऱ्यांच्या पाठीला हात लावू, डॉक्टर? ते लाजतात, मीही लाजते. मधल्यामधे पाठ तशीच.”

“दिवाळीला अभ्यंगस्नान?”

“मी वाटीत तेल-उटणं काढून ठेवलं होतं. आम्ही उठलो तर बाबा घरात नाहीत. चिठ्ठी नाही, फोन घरी. उजाडल्यावर आले. म्हणाले, गाण्याला गेलो होतो. वाटी मात्र तशीच. मी म्हटलं, बाबा, पहाटे आंघोळ नाही केली तर नरकात जातात म्हणतात. तर म्हणाले, मी आठवड्यातून तीनदा जाऊन येतो, तिथे ओळख झालीय.”

चारुलताबाई हसल्या. “आणखी काही?”

मैथिलीने कप खाली ठेवला. “तुम्ही विचारताय म्हणून. सासूबाई गेल्या आणि मग ही नळी लागली, तेव्हापासून बाबा घरातसुद्धा कानटोपी घालायचे. केस चिकट झालेत, बरं दिसत नाही म्हणायचे. त्या सकाळी परत आले तेव्हा टोपी खिशात होती. केस वाऱ्यावर भुरभुर उडत होते. मला वाटलं, कुठल्यातरी सलूनमध्ये गेले असतील.” ती जराशी थांबली. “पण सलूनमध्ये उटण्याचा वास येतो का हो?”

५

चारुलताबाईंनी स्कूटर घराकडे वळवली. समाच्या पाण्यात तो जंतू नसणार, हे त्यांना अहमदाबादला न विचारता कळलं होतं. नारायणराव कुठेतरी न्हाले होते. पण कुठे, आणि घरी गीझर असताना तिथेच का?

घरी पोचल्यावर त्यांनी हातपाय धुतले आणि आरशासमोर उभ्या राहिल्या. उत्तर तिथेच होतं. त्यांना ते थोडं आधी दिसायला हवं होतं, पण स्वतःची पाठ कुणाला दिसते?

यजमान जाऊन दोन वर्षं झाली. दिवाळीत त्या पहाटे उठतात, पाट मांडतात, तेल कोमट करतात. हात पोचतात तिथवर लावतात. खांद्यांच्या मधोमध तळहाताएवढी जागा राहते. लग्नानंतर सव्वीस दिवाळ्या त्या जागेवर एका माणसाचा हात फिरला होता, घाईघाईने, दुखेल इतक्या जोराने, ‘हलू नकोस गं’ म्हणत. आता ती जागा दरवर्षी कोरडी राहते. पाणी स्वतःचं स्वतः ओतून घेता येतं. अभ्यंग स्वतःचं स्वतः होत नाही. त्याला दुसरा माणूस लागतो, आणि तो दुसरा माणूस असा असावा लागतो, की ज्याच्यासमोर लाजायची पाळी येऊन गेलेली आहे.

आठवड्यातून तीनदा, चार-चार तास, शेजारच्या खुर्चीत ज्याने तुमचं रक्त पारदर्शक नळ्यांतून फिरताना पाहिलं, त्याच्यापुढे आता लाजायला उरलं काय?

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या फतेगंजला मोहनाबाईंच्या फ्लॅटवर गेल्या. भिंतीवर गुजरातचा नकाशा होता. चारही कोपऱ्यांना चिकटपट्टी, आणि प्रत्येक पट्टीचं टोक सुबक दुमडलेलं.

“असं का दुमडता?”

“वर्गात नकाशा लावायचा आणि काढायचा, रंगही निघता कामा नये आणि कागदही फाटता कामा नये. सवय,” मोहनाबाई म्हणाल्या, आणि म्हणून झाल्यावर आपण काय म्हणालो ते त्यांना कळलं. त्या हळूच खाली बसल्या.

चारुलताबाईंनी न्हाणीघरातला गरम पाण्याचा नळ सोडला. पाणी कोमट आलं.

“गच्चीवर सोलर आहे?”

“आठ फ्लॅटची एक टाकी. पाच फ्लॅट बंद, मालक कॅनडाला. पाणी पडूनच असतं. फुकट आहे, म्हणून मी तेच वापरते.”

चारुलताबाईंनी बाटली भरली, बूच घट्ट लावलं आणि पाटाकडे बघत विचारलं, “मोहनाताई, कल्पना कुणाची होती? त्यांची की तुमची?”

६

“मला नाव हवंय, मॅडम,” अनिश म्हणाला. सोमवार उजाडला होता. दुपारची पाळी खुर्च्यांवर बसली होती आणि ट्रस्टी यायचे होते. “‘संसर्ग केंद्राबाहेरचा’, एवढ्यावर कसं भागेल? कुठला? कसा?”

“कारणं देते. नाव देणार नाही, ती रुग्णांची खासगी बाब आहे,” चारुलताबाई म्हणाल्या. “तुझं म्हणणं, जंतू एक म्हणून गुन्हेगार इथलाच. पण यशश्री सात जणांच्या नळ्या हाताळते, आजारी दोनच. इथलं पाणी स्वच्छ आहे, औषधाची बाटली स्वच्छ आहे. जंतूंची जनुकं सांगतात की दोघांना एकच पाणी लागलं. ते पाणी इथलं होतं, असं जनुकं सांगत नाहीत. तू सांगतोस. जी माणसं इथे भेटतात ती फक्त इथेच भेटतात, असं तू धरून चाललास. आपण सगळेच चाललो. त्यांना इथून बाहेर पडल्यावर आयुष्य असेल, असं कुणाच्या डोक्यातच आलं नाही.”

“पुरावा?”

“पाण्याचा नमुना अहमदाबादला गेलाय. दहा-बारा दिवस लागतील.”

“तोवर ट्रस्टी थांबणार नाहीत. आज कुणीतरी जावंच लागेल.” अनिशने यशश्रीकडे पाहिलं नाही. “सॉरी.”

दोन दिवसांपूर्वी चारुलताबाईंनी एका बाईला नाव न सांगण्याचा शब्द दिला होता, आणि आता तो शब्द एका दुसऱ्या बाईच्या पगारावर उभा होता.

“माझं न्हाणीघर,” पाचव्या खुर्चीतून आवाज आला.

दहाही यंत्रं घरघरत होती. नारायणराव उठून बसायला गेले. नळी ताणली तशी यशश्रीने धावत जाऊन त्यांना मागे रेटलं.

“बाई, राहू द्या. कल्पना माझी होती,” ते म्हणाले. “मी म्हटलं, दीड वर्ष झालं, एकदा काय होतंय? पोळ्या गुंडाळतात ते प्लॅस्टिक आणून नळीवर चांगलं घट्ट गुंडाळलं. वर्कशॉपमध्ये तीस वर्षं पाइपांची गळती थांबवलीय मी.”

“आणि पाणी आत गेलं,” चारुलताबाई हळू आवाजात म्हणाल्या. “प्लॅस्टिकखाली ते उबेत राहिलं. जंतूंना यापेक्षा बरी धर्मशाळा मिळाली नसती.”

“गेलं असणार. मग बाईंनी माझी पट्टी बदलली, मी त्यांची, टोक त्यांनी सांगितलं तसं दुमडून.”

“म्हणूनच बाईंची वाकडी होती,” यशश्री पुटपुटली.

अनिशचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. “दोघं? म्हणजे... एकाच बाथरूममध्ये?”

“पाळीपाळीने, अनिश. पाठ तेवढी एकमेकांनी चोळली,” मोहनाबाई म्हणाल्या. “डोक्यात काढलेलं चित्र पुसून टाक. तुला चित्रं कधीच नीट आली नाहीत. सातवीत नर्मदा उलटी वाहवली होतीस, मी पाच मार्क कापले होते.”

पाळीत कुणीतरी खुदकन हसलं. मग आणखी कुणी. मग तिसऱ्या खुर्चीतले गृहस्थ, जे सहसा बोलत नसत, ते गंभीरपणे म्हणाले, “पाणी गरम होतं?”

“कोमट,” नारायणराव म्हणाले.

“पण डोक्यावरून?”

“डोक्यावरून. तांब्याने.”

हॉल पुन्हा शांत झाला. पिलाजीरावांच्या पेल्याच्या वेळी झाला होता, तसा नाही. कुणी डोळे मिटले होते, कुणी मान किंचित पुढे वाकवली होती, जणू वरून काही पडणार आहे.

यशश्रीची नोकरी राहिली. ट्रस्टींना अनिशने एका स्लाइडमध्ये समजावलं. स्लाइडवर लिहिलं होतं, ‘रुग्ण प्रबोधन वाढवावे’. यथावकाश अहमदाबादहून उत्तर आलं. फतेगंजच्या टाकीतला जंतू आणि या दोघांच्या रक्तातला जंतू यांत सख्ख्या भावंडांइतकाही फरक नव्हता. टाकी रिकामी करून घासली गेली. कॅनडाला खर्चाचा वाटा मागणारा मेसेज गेला, तो तिकडे सर्वांनी वाचला.

७

दोघांच्याही जुन्या नळ्या काढल्या. औषधं बरेच महिने चालली. नारायणरावांचा फिस्टुला तयार झाला. आता त्यांना हातात सुया टोचत आणि छाती मोकळी होती. मोहनाबाईंना दुसऱ्या बाजूने नवी नळी बसवावी लागली. दुसऱ्या हातात फिस्टुला केला, तो धरेल की नाही ते काळच ठरवणार होता.

उन्हं तापायला लागली होती. चारुलताबाई पाळीच्या वेळी आल्या, नारायणरावांच्या छातीवरचा जुना व्रण दाबून पाहिला.

“छान भरलंय. आता बिनधास्त डोक्यावरून आंघोळ करा. नळाखाली बसा, बादल्या ओता, काय हवं ते करा.”

“हो, सांगितलं होतं तुम्ही मागच्या महिन्यातच.”

“मग? कसं वाटतंय?”

“गळ्यापर्यंत घेतो रोज,” नारायणराव म्हणाले. “डोक्यावरून नाही घेतली अजून.”

“का? भीती वाटते?”

नारायणरावांनी शेजारच्या खुर्चीकडे पाहिलं नाही. समोरच्या भिंतीकडे पाहत म्हणाले, “बाईंची नळी निघायचीय ना. थांबलोय.”

“पागे, मूर्खपणा करू नका,” मोहनाबाई म्हणाल्या. “माझा हा हातही फसला तर?”

“तर डोकं खाजवत बसेन. घाई कुठे आहे?”

मोहनाबाईंच्या मांडीवर रबरी चेंडू पडला होता. शीर फुगावी म्हणून तो मुठीत दाबायचा असतो; यशश्रीने दोनदा ओरडल्याशिवाय त्या कधी हात लावत नसत. आता त्यांनी तो आपणहून उचलला आणि डोळे मिटून, ओठ आवळून, जोरजोरात दाबू लागल्या.